उसनी गेलेली लाल गाडी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही मला साधेच येतात. आणि चार माणसांत उभं राहिलं की तेवढेही तोंडातून निघत नाहीत, म्हणून लिहून काढतोय.

आमच्या गॅरेजमध्ये नट-बोल्टचा एक डबा होता. गाडी पूर्ण जोडून झाली की एखादा बोल्ट उरायचाच. तो कुठला, हे कुणालाच आठवायचं नाही. गाडी चालतेय ना? मग टाक डब्यात! असं करत करत डबा इतका भरला की झाकण बसेना. किस्सेही असेच साठतात. कामाचे नसतात, पण फेकवतही नाहीत.

गॅरेज म्हणजे चाकणजवळ निघोजेच्या रस्त्याला, लोखंडी पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेस-शॉपच्या भिंतीला चिकटून उभी असलेली पत्र्याची शेड. माणसं तीन. मालक रफिकभाई, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. दुसरा दत्ता, गावातलाच, शेडची जागा त्याच्या चुलत्याची. आणि तिसरा मी. काम एकाच प्रकारचं. जुन्या जपानी स्पोर्ट बाईक्स, त्यातही चारशे सीसीचं, चार सिलिंडरचं एकच मॉडेल. कंपनीने ते कधीच बंद केलंय. पार्ट मिळत नाहीत. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना ती विकवत नाही आणि धड चालवताही येत नाही. हे आमचं गिऱ्हाईक!

*

लोक विचारतात, शाळा का सोडली? मी सोडली नाही हो. शाळेच्या रस्त्यात उस्ताद आडवे आले.

ते त्यांच्या स्वतःच्या लाल गाडीवरून माझ्या बाजूने गेले. तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. खाली पोटातून सुरू व्हायचा आणि चढत चढत शिट्टीसारखा बारीक व्हायचा. मी दप्तर घेऊन त्या आवाजाच्या मागे चालत राहिलो आणि शेडपाशी पोहोचलो. तिथे नुसता उभा राहिलो.

"काय पाहिजे?" उस्तादांनी विचारलं.

मी लाल गाडीकडे बघत राहिलो.

दत्ता आतून म्हणाला, "मुकं हाय वाटतं पोरगं."

"गाडी," मी म्हणालो.

उस्ताद मोठ्याने हसले. "बसवीन हिच्यावर. आधी काम शीक."

त्याच आठवड्यात निखिल आला. मारुंजीला खोली घेऊन राहणारा आयटीतला मुलगा. फोटो बघून ऑनलाइन गाडी घेतली होती आणि तिचा पेट्रोल कॉक गळत होता. कॉक म्हणजे टाकीखालची पेट्रोलची चावी. ती बाजारात कुठेच नव्हती. उस्तादांनी जरा विचार केला आणि मला म्हणाले, "लाल गाडीचा काढ. दोन दिवसांसाठी. याला नवीन मिळाला की परत लावू."

म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलं काम काय, तर ज्या गाडीसाठी मी आलो तीच बंद पाडायची!

उस्तादांचा नियमच होता. गिऱ्हाइकाची गाडी उभी राहता कामा नये, आपली राहिली तरी चालेल. महिनाभराने मी भीत भीत दत्ताला विचारलं, "ते दोन दिवस झाले का?"

दत्ता म्हणाला, "मास्तर, ह्या गॅरेजातलं दोन दिवस कॅलेंडरात न्हाईत!"

मास्तर म्हणजे मी. जपानी भाषेतलं एक मॅन्युअल होतं, मी त्यातली चित्रं बघत बसायचो, म्हणून.

*

पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत ओंकार नावाचा कॉलेजातला मुलगा राहायचा, त्याच्याकडेही तीच गाडी. पार्किंगमध्ये उंदरांनी त्याच्या गाडीची सगळी वायरिंग खाल्ली. दत्ता म्हणाला, "मी करतो, त्यात काय हाय!"

दत्ताच्या मावसभावाने त्याला वायरचं एक मोठं बंडल दिलं होतं. लाल वायर. सगळीच लाल. दत्ताने पुढच्या लायटीपासून मागच्या लायटीपर्यंत अख्खी गाडी लाल वायरने भरली. मी हळूच म्हणालो, "दत्ता, मॅन्युअलमध्ये प्रत्येक वायरीला वेगळा रंग आहे."

"विजेला काय डोळं हायत व्हय?"

गाडी चालू झाली. फक्त एक झालं, हॉर्न दाबला की इंजिन बंद पडायचं. ओंकार तशीच घेऊन गेला, त्याला कॉलेजला जायची घाई होती.

थोड्या दिवसांनी शेडच्या दारात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "मी कुलकर्णी. ओंकारचा बाबा. हॉर्न दाबला की गाडी बंद पडते, हे कुणी केलं?"

दत्ता टायरच्या ढिगामागे गेला.

"उत्तम केलंत!" काका म्हणाले. "सोसायटीत पहिल्यांदा शांतता आहे. आता त्या सायलेन्सरचंही बघा. त्याने तो कुठला भोंगा बसवलाय, रोज सकाळी माझ्या नावाने तक्रार येते. खरं सांगू? अशी काहीतरी व्यवस्था करा की ती चालूच होणार नाही."

उस्ताद हात पुसत म्हणाले, "काका, तेवढं एकच काम आम्हाला न शिकता येतं!"

पण उस्तादांनी तसं केलं नाही. लाल गाडीचा मूळचा, मऊ आवाजाचा सायलेन्सर काढून ओंकारच्या गाडीला लावला. वायरिंगही लाल गाडीचीच काढून दिली. दोन दिवसांसाठी. काकांना गॅरेज इतकं आवडलं की पुढे ते दर गुरुवारी येऊन स्टुलावर बसायला लागले. आम्ही गाडीखाली असलो की ते उजेडासाठी बॅटरी धरायचे. चुकीच्या ठिकाणी धरायचे, पण धरायचे!

*

चार सिलिंडरच्या गाडीला चार कार्बोरेटर असतात. चौघांनी एका दमात श्वास घ्यायला पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. उस्तादांकडे त्यासाठी मीटर नव्हतं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे.

सचिन म्हणून एक लातूरचा मुलगा होता, चाकणच्या एका कंपनीत कामाला. त्याची गाडी उस्तादांनी एका दुपारी सुरात लावायला घेतली. "एक सिलिंडर मागे पडतोय," म्हणायचे आणि स्क्रू फिरवायचे. पुन्हा कान. पुन्हा स्क्रू. एक स्क्रू तर इतक्या वेळा फिरवला की त्याचे आटे गेले. शेवटी चेहरा खुलला. "आता आली सुरात!"

सचिन खुशीत गेला आणि गुरुवारी परत आला. "उस्ताद, गाडी लंगडायलीय की ओ."

"होणारच नाही." उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला. गाडी खरंच लंगडत होती. आम्ही सगळे गप्प उभे. आणि त्या गप्प उभं राहण्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं की आज जरा जास्तच शांत आहे. गुरुवार म्हणजे आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी. भिंतीपलीकडचा प्रेस बंद होता! रोज दिवसभर धड् धड् चालतो, कानाला सवय होऊन तो ऐकूही येत नाही.

उस्ताद मटकन खाली बसले. "अरे, मी तर प्रेसचं ट्यूनिंग केलं!"

दत्ता म्हणाला, "सचिनभाऊ, काळजी करू नगा. प्रेसच्या भिंतीला धरून चालवायची!"

तेव्हापासून कार्बोरेटरचं काम फक्त गुरुवारी. सचिनला आटे गेलेल्याच्या बदल्यात लाल गाडीचा एक कार्बोरेटर मिळाला. त्या दिवशी उस्ताद आमच्याबरोबर हसले खरे. पण सगळे गेल्यावर मी पाहिलं, ते लाल गाडीपाशी बसले होते. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला लावून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून. गाडी बंद होती.

*

निखिलचं क्लच कव्हर तडकलं. या वेळी तो म्हणाला, "उस्ताद, लाल गाडीला हात लावू नका. मी बाहेरून मागवतो. थेट जपानहून!"

किती महिने तो रोज मोबाईलवर पार्सल बघायचा. आज या बंदरात, आज त्या विमानतळावर. घरात बाळंतपण असावं तसं झालं होतं आम्हाला. शेवटी खोका आला. दत्ताने त्याला हळद-कुंकू लावलं. कुलकर्णीकाकांनी पेढे आणले. निखिलने कागदाचे थर काढत काढत कव्हर बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी उस्तादांना दिलं.

उस्तादांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला एक जुना जोड होता. वेल्डिंगचा. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय झालं उस्ताद?"

"हा जोड माझा आहे."

"म्हणजे?"

"इथे येण्याआधी माझं दुकान होतं ना, तिथे कुणाला तरी लावून दिला होता. दुसऱ्या कुणाचा हात असा उलटा वळत नाही." मग हसून म्हणाले, "निखिल बेटा, ये जापान का नहीं, आकुर्डी का है!"

आम्ही इतके हसलो की पेढा माझ्या घशात अडकला. काकांनी पाठीत बुक्के मारले.

हसणं थांबल्यावर उस्ताद कव्हरकडे बघत म्हणाले, "म्हणजे दुनियेत शिल्लकच नाहीये. जे आहे तेच फिरतंय."



*

आता पुढचं लिहायला जड जातं.

दत्ता दोन-तीन दिवस आलाच नाही. आला तेव्हा दारातच उभा राहिला. "उस्ताद, चुलत्यानं जागा गोडाऊनवाल्याला दिली. शेड काढायचीय. आमी लई सांगितलं, न्हाई ऐकलं."

"ठाऊक आहे रे," उस्ताद म्हणाले. "मोजायला आले होते तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. त्यांच्याकडे माणूस कमी होता."

उस्तादांनी ठरवून टाकलं होतं. सोलापूरला लेकीकडे जायचं. नवी जागा, नवी शेड, या वयात होणार नव्हतं. तसंही गाड्या संपत आल्या होत्या. एक चालू करायला दुसरी मोडावी लागते, असं कुठवर चालणार? पण त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती.

"लाल गाडी एकदा चालू करायची. चारही सिलिंडरवर. एकदाच. मास्तरला बसवायचं कबूल केलंय मी. मग भंगारवाल्याला बोलवा."

मी इतकी वर्षं त्यांना एकदाही आठवण करून दिली नव्हती. मला वाटायचं, ते विसरले असतील.

ठरलं असं की गुरुवारी सगळ्या गाड्या बोलवायच्या. दोन तासांसाठी उसने पार्ट काढायचे, लाल गाडीला लावायचे, ती चालू करायची, आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी! निखिलला पहिला फोन लावला आणि म्हणालो, "सर... ते... दोन दिवस झाले."

"कसले दोन दिवस?"

पण सगळे हो म्हणाले. सगळे म्हणजे सगळे. "उस्तादांसाठी काय पण," सचिन म्हणाला.

*

गुरुवारी पहिले कुलकर्णीकाका आले. म्हणजे आधी त्यांचा आवाज आला, रस्त्याच्या त्या टोकापासून! ओंकार गाडी चालवत होता, मागे काका, आणि काकांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला सायलेन्सर. त्यांनी घरीच काढून आणला होता. गाडी उघड्या पाइपवर बोंबलत आली होती.

"पिंपळे सौदागरपासून लोक माझ्याकडे बघतायत," काका उतरत म्हणाले. "या वयात!"

मी तो सायलेन्सर लगेच लाल गाडीला बसवला. कापडाने पुसला. बसवल्यावर गाडी एकदम गाडीसारखी दिसायला लागली.

सचिन आला. "कार्बोरेटर काढून घ्या उस्ताद. पण त्याआधी जरा कान लावा, परत लंगडायलीय." गुरुवार असल्यामुळे उस्तादांनी कान लावला. त्यात सकाळ गेली. ओंकारच्या टाकीखाली वायरिंगला पुन्हा उंदीर लागलेले निघाले. ते दत्ता करत बसला. जेवणाची वेळ झाली, लाल गाडी तशीच.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. हायवेवर गाडीतून मोठा आवाज झाला होता आणि चाक जाम झालं होतं. तो पडता पडता वाचला. आमचा पेट्रोल कॉक परत द्यायला येताना!

टेम्पोतून त्याची निळी गाडी उतरवली. इंजिनला खालून भोक पडलं होतं. आतला दांडा तुटून बाहेर आला होता, हाडासारखा. अशा इंजिनचं काही होत नाही. उस्तादांनी भोकातून आत बघितलं आणि उठून लाल गाडीकडे गेले.

"दत्ता, इंजिन उतरव हिचं."

"नाही उस्ताद!" निखिल आडवा आला. "नको. माझी राहू दे बंद. मी ठेवतो घरी तशीच."

"कुठे ठेवशील? खोलीत?"

"ठेवतो. पण आज नको. आज लाल गाडीचा दिवस आहे."

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर काळा हात ठेवला. शर्टाला डाग पडला. "उद्या ही भंगारात जाणार, इंजिनासकट. तुझ्यात टाकलं तर फिरेल. आणि आजच्यानंतर टाकणार कोण?"

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तू सांग. तू म्हणशील तसं."

मी पाना घेतला आणि पहिला बोल्ट सोडला. ही गाडी बंद पाडायचं काम सुरुवातीपासून माझ्याकडेच होतं.

आम्ही तिघांनी लाल गाडीतून इंजिन काढलं, निळीत बसवलं. काकांनी बॅटरी धरली, पहिल्यांदाच बरोबर ठिकाणी. उन्हं कलली तेव्हा निखिलने बटण दाबलं.

इंजिन लागलं! चारही सिलिंडरवर. प्रेस बंद, रस्ता रिकामा, आणि तो आवाज. पोटातून वर चढत शिट्टीसारखा बारीक होणारा. तोच. उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतलाच नाही, नुसते उभे राहून ऐकत होते. निखिलने मला विचारलं, "बसतोस?" मी मान हलवली, नाही म्हणून. ती लाल नव्हती ना.

तो गेला. वळणाआड गेल्यावरही आवाज बराच वेळ येत राहिला. ज्या आवाजामागे मी शाळा चुकवून आलो, तो मारुंजीला निघून गेला.

काकाही सायलेन्सर लाल गाडीलाच ठेवून ओंकारच्या मागे बसून तसेच बोंबलत घरी गेले. दत्ताने पाने गोळा करता करता विचारलं, "मंग उस्ताद, आज हिला परत काय मिळालं?"

उस्ताद म्हणाले, "सायलेन्सर."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगाराचा टेम्पो येणार होता. मी आणि दत्ता लवकर आलो, तर उस्ताद आमच्याआधी हजर. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात हेल्मेट.

"किल्ली दे," मला म्हणाले.

किल्ली माझ्याकडेच असायची. मी दिली. त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि लाल गाडीवर बसले. दोन चाकं, हँडल, टाकी, सीट, सायलेन्सर. मधे जिथे इंजिन असतं तिथून पलीकडची भिंत दिसत होती. त्यांनी किल्ली फिरवली.

"धक्का द्या."

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी दत्ताकडे. मग आम्ही ढकललं. शेडपासून रस्ता ओढ्याकडे उतरतो. तिथपर्यंत आम्ही धावलो, पुढे गाडी हातातून सुटली.

मागे प्रेस सुरू झाला होता. पहिली शिफ्ट. धड् धड्. उस्ताद टाकीवर वाकले. डावी बोटं क्लच दाबत होती, डावा पाय गिअर टाकत होता. वळणावर गाडी त्यांनी अशी झोपवली, अशी उचलली, की दत्ताच्या तोंडून शिटी निघाली. ओढ्याच्या पुलापाशी त्यांनी ब्रेक लावला. किल्ली बंद केली. साइड स्टँड लावला. उतरून हेल्मेट हातात घेतलं आणि गाडीकडे बघत उभे राहिले.

मी धापा टाकत खाली पोहोचलो. गाडी वर न्यायची म्हणून मागून धरायला वाकलो, तर उस्ताद एकदम ओरडले.

"अरे, सायलेन्सरला हात लावू नको! गरम आहे!"

मी हात मागे घेतला. खिशातलं फडकं काढलं, हाताला नीट गुंडाळलं, आणि गाडी वर ढकलायला लागलो.